पाच कलमांचे वाचन

१७ सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यात ध्वज फडकतो, स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते आणि रझाकारांच्या अत्याचारांचा पाढा वाचला जातो. ते उचितच आहे. परंतु ज्या कागदाभोवती हैदराबादचे राजकारण त्या वर्षी घोटाळत राहिले, तो २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे करार’ या भाषणांतून केवळ नावापुरता येतो. अवघी पाच कलमे! उतारा कसा वाचावा हे शिकविण्यास याहून चांगला उतारा आम्हांस तरी ठाऊक नाही.

पक्षांची नावे वाचक सहसा ओलांडून पुढे जातो. येथे एका बाजूस हिंदी संघराज्य आहे. दुसऱ्या बाजूस ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’. वऱ्हाड १९०२ मध्येच कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला होता आणि त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालत होता. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या हाती उरली ती नाममात्र सत्ता आणि ही पदवी. तीही त्याने येथे जपून ठेविली. आणखी असे की, दीड कोटीहून अधिक प्रजेचे भवितव्य ठरविणाऱ्या या कलमांत प्रजा कोठेच नाही. जे लिहिले आहे त्याच्याइतकेच जे लिहिलेले नाही तेही पाहावयाचे, ते असे.

पहिल्या कलमाची सारी मेख ‘नवे करार होईपर्यंत’ या शब्दांत आहे. तोवर परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण यांसह समाईक विषयांबाबत इंग्रजी अमदानीतील व्यवस्था चालू राहावयाची होती. दिल्लीने हे वाक्य विलीनीकरणाची पायरी म्हणून वाचले, निजामाने स्वातंत्र्याची मुदत म्हणून. ‘विलीनीकरण’ हा शब्द करारात नाही. पण ‘स्वातंत्र्य’ हाही नाही. सार्वभौमत्वाचा इंग्रजी अधिकार संघराज्याकडे येत नाही, हे तिसऱ्या कलमाने निजामास मिळवून दिले. मात्र अंतर्गत शांततेसाठी फौज पाठविण्याचे बंधन संघराज्यावर नाही, हेही त्यानेच मान्य केले होते.

पुढे निजाम सरकारने पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले. हा परराष्ट्र व्यवहार की केवळ सावकारी? एकट्या कलमाकडे पाहून याचे उत्तर मिळत नाही, कारण ते कलम जुन्या करारांकडे बोट दाखविते. तेही उघडून बसावे लागते. वाचन कंटाळवाणे होते ते येथे, आणि खरे सुरू होते तेही येथेच.

आपल्या बाजूस अडचणीची ओळ वगळून वाचणे हे वाचन नव्हे. चौथ्या कलमात लवादाची तरतूद आहे. पाचव्याने मुदत एक वर्षाची दिली आहे. हिंदी फौजा १३ सप्टेंबर १९४८ रोजी शिरल्या तेव्हा त्या मुदतीचे अडीच महिने शिल्लक होते. रझाकारांच्या थैमानाने ती कारवाई अटळ केली, हे आमचे मत आहे. परंतु ते मत त्या कलमांवर बोट ठेवून मांडले पाहिजे, त्यांवर हात ठेवून नव्हे.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने हैदराबादेत वाटाघाटी करणाऱ्यांची घरे वेढली आणि त्यांना दिल्लीस जाऊ दिले नाही. शिष्टमंडळ बदलले, महिना गेला, आणि सही झाली ती मोठा फेरफार न झालेल्या मसुद्यावरच. त्या जमावातील किती जणांनी तो मसुदा वाचला होता?

आपल्या शाळांतून मात्र उताऱ्याखालील पाच प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शकातून आयती मिळतात, आणि तीच मुले मोठी होऊन जमिनीच्या साठेखतावर न वाचता सही करतात. येत्या १७ सप्टेंबरला गोव्यातील एखाद्या शिक्षकाने ही पाच कलमे मराठीत उतरवून वर्गात द्यावीत. कोण, कोणास, काय आणि कोठवर देतो, एवढ्याखाली मुलांना पेन्सिलीने रेघा ओढू द्याव्यात. तास पुरणार नाही; दुसरा घ्यावा.