जमा कोणाची, नावे कोणाच्या?

रात्री साडेनऊ वाजता माजघरातील दिवा मालवावा, ही आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची घराची शिस्त. गिरगावातील चाळीच्या तीन खोल्यांत नऊ माणसे निजावयाची, तर कोणी तरी दिवा मालवलाच पाहिजे. गेले पाच महिने ही शिस्त मोडली आहे, व ती मोडणारे दुसरे तिसरे कोणी नसून आम्हीच आहोत. धाकट्या सूनबाईची परीक्षा होती, आणि तिच्यासमोर पाटावर बसून इंग्रजी शब्द म्हणून घेण्याचे काम, सदुसष्टाव्या वर्षी, आमच्याकडे आले होते.

प्रारंभ असा झाला. जून महिन्यात एके दिवशी तिची वही सहज आमच्या हाती आली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अशी सुमारे चारशे शब्दांची यादी अकारविल्हे लावलेली होती. अक्षर मोत्यासारखे. पण अर्थ? ‘ड्रॉवर’ म्हणजे मेजाचा खण. ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे वाद्य. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार. ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे उत्कृष्ट. आम्ही प्रथम मोठ्याने हसलो. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हसू आवरले. मुलीने कोशात जे सापडले तेच प्रामाणिकपणे उतरले होते. पेढीच्या व्यवहारात ‘ड्रॉवर’ म्हणजे चेक लिहून देणारा, ‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणजे दस्तऐवज, ‘कन्सिडरेशन’ म्हणजे मोबदला आणि ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे येणे असलेली बाकी, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. ज्या कर्जाचे पैसे थकले आहेत त्यास उत्कृष्ट म्हणणारा कारकून कोणत्याही पेढीस फार दिवस परवडावयाचा नाही.

परीक्षेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १९२८ साली मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स’ या नावाची संस्था निघाली. आज तिच्या नावात ‘बँकिंग अँड फायनान्स’ असा पालट झाला आहे. बँकेत नोकरीस असलेल्यांसाठी ती ज्या परीक्षा घेते, त्यांतील पहिली जे. ए. आय. आय. बी. या लांबलचक अक्षरमालिकेने ओळखली जाते. आता तिचे चार विषय आहेत. ती उत्तीर्ण झाल्यास वेतनवाढ मिळते व पुढे अधिकारी होण्याच्या वाटेवरील एक धोंडा दूर होतो. मेख अशी की, उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण ठरावीक मुदतीपुरतेच धरले जातात. मुदत टळली की सारे पुनश्च हरिः ॐ. प्रश्न इंग्रजीत किंवा हिंदीत. आमची सून कोकणात मराठी शाळेत शिकलेली. कारकुनाच्या जागेसाठी स्थानिक भाषा येणे अवश्य असते, आणि त्या भरतीची परीक्षा प्रादेशिक भाषांतूनही व्हावी असे केंद्र सरकारने २०२१ साली ठरविले. म्हणजे दाराच्या आत येण्यास मराठी चालते, वरच्या मजल्यावर जावयाचे तर जिना इंग्रजीचा! हिंदीचा जिना तिने चढून पाहिला. त्यातील पारिभाषिक शब्द इंग्रजीहूनही अवघड वाटले, म्हणून सोडला.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, ती सांगताना संकोच होतो तरीही. गेल्या वैशाखात आमच्या थोरल्या नातवाची मुंज झाली. मुहूर्त आम्हीच काढला. पंचांग आम्ही पाहिले, परंतु भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सूनबाईने तांबड्या शाईने केलेली खूण पाहिली नाही. अथवा खरे लिहावयाचे तर, पाहिली आणि ‘परीक्षा काय, पुन्हा येते’ असे मनाशी म्हटले. मुंजीच्या तिसऱ्या दिवशी तिचा लेखाशास्त्राचा पेपर होता. पाहुणे चार दिवस होते. ती एक अक्षर बोलली नाही. रात्री बारापर्यंत पानांचे, पाण्याचे, अंथरुणांचे पाहावे आणि पहाटे चारला वही उघडावी, असे तिने केले. निकाल लागला तेव्हा बाकीचे तीन विषय सुटले होते आणि या एका विषयात ५० ऐवजी ४७ गुण होते. घरात सर्वांनी हळहळ व्यक्त केली. आमच्या थोरल्या चिरंजीवांनी तर ‘तीनच गुण गेले’ असे म्हणून तिचे सांत्वन केले. आम्ही मात्र त्या दिवशी संध्याकाळी बाणगंगेपर्यंत चालत गेलो व उशिरा परतलो. कार्तिकातील परीक्षा ही मुदतीतील शेवटची संधी होती.

आमचे इंग्रजी म्हणजे जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरते. पुढे शिक्षकाची पदविका घेतली व आयुष्य मराठी शाळेत गेले. संस्कृत मात्र लहानपणी पाठशाळेत पाठांतराने शिकलो, आणि तेच या वेळी उपयोगी पडले. वर्णानुक्रम हा शब्द शोधण्यासाठी उत्तम, शिकण्यासाठी निरुपयोगी. अमरसिंहाने आपल्या कोशात शब्दांचे वर्ग केले; व्यापाराचे, व्याजाचे, मोलाचे शब्द वैश्यवर्गात एकत्र बसविले, म्हणून मुलांच्या जिभेवर ते शतकानुशतके राहिले. आम्ही सूनबाईस म्हटले, “ही यादी बाजूस ठेव. एक चेक घे आणि तो हातोहात कसा जातो ते सांग.” तिने जुना चेक आणला. लिहिणारा तो ड्रॉवर. ज्या बँकेवर लिहिला ती ड्रॉई. ज्याला पैसे मिळावयाचे तो पेई. त्याने पाठीवर सही करून दुसऱ्याच्या हवाली केला, तर तो एंडॉर्सर आणि घेणारा एंडॉर्सी. ‘एंडॉर्स’मध्ये लॅटिनचा पाठ या अर्थाचा शब्द आहे, आणि आपण त्यास पृष्ठांकन म्हणतो, दोन्हीकडे पाठच! एका बैठकीत पाच शब्द झाले, आणि ते पुन्हा विसरले गेले नाहीत.

या ‘अर’ आणि ‘ई’ने मात्र आम्हांस आठवडाभर झुंजविले. ‘अर’ हा आमच्या तृच् प्रत्ययासारखा, दाता, नेता यांतला, करणारा तो. ‘ई’ हा फ्रेंचच्या वाटेने आलेला कर्मणि धातुसाधिताचा अवशेष, म्हणजे स्थूलमानाने आपला क्त. पण दत्त म्हणजे दिलेली वस्तू. आणि ‘पेई’ ही वस्तू नव्हे, ज्याला द्यावयाचे तो माणूस आहे. पाणिनीच्या घरी हे चतुर्थीचे संप्रदान. इंग्रजीने कर्म आणि संप्रदान यांस एकच टोपी घातली आहे. हे कळल्यावर आम्ही तिला एवढेच सूत्र दिले: ‘अर’ वा ‘ऑर’ म्हणजे करणारा, ‘ई’ म्हणजे ज्याला किंवा ज्याच्यावर. मग तिच्या हमखास चुकणाऱ्या प्रश्नाचा उलगडा झाला. घर गहाण टाकून कर्ज घेतले, तर ‘मॉर्टगेजर’ कोण? ती दरवेळी बँक म्हणे. कारण तिच्या मते मोठे काम करते ती बँक. परंतु गहाण टाकण्याची क्रिया करतो तो कर्जदार, तोच मॉर्टगेजर. ज्याला गहाण दिले ती बँक मॉर्टगेजी. वस्तू विश्वासाने ठेवावयास दिली तर देणारा बेलर व सांभाळणारा बेली. १८७२च्या करार कायद्यात हे शब्द आहेत.

काही ठिकाणी आपली मराठी इंग्रजीपेक्षा कितीतरी उघड बोलते. ‘हायपॉथिकेशन’ हा शब्द तिने वीस वेळा लिहून काढला होता, तरी डोक्यात शिरत नव्हता. आम्ही विचारले, “गाडी कर्जाने घेतली, ती चालवितो कोण?” म्हणाली, “घेणारा.” “मग बँकेकडे काय आहे?” थोडा वेळ गप्प राहिली आणि एकदम म्हणाली, “नाना, नजरगहाण!” वस्तू कर्जदाराच्या ताब्यात, बँकेची फक्त नजर. ज्या कोणा जुन्या कारकुनाने हा शब्द बनविला त्यास आमचा नमस्कार. उलट १८८१च्या ज्या कायद्यावर चेकाचा सर्व डोलारा उभा आहे, त्याचे आपल्याकडील नाव ‘परक्राम्य संलेख अधिनियम’. आम्ही संस्कृत जाणणारे, आमचीही जीभ ‘परक्राम्य’पाशी अडखळली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु जमा, खर्च, हिशेब, रक्कम, बाकी, नफा हे परदेशी पाहुणे त्यानंतरही घरातच राहिले, आणि पगार व लिलाव हे पोर्तुगीजांकडून येऊन मराठी झाले. धनादेश हा शब्द आम्हांस आवडतो. पण आमच्या चाळीत ‘चेक वटला’ असेच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. आणखी गंमत पाहा, व्याज हा शब्द दिसावयास शुद्ध संस्कृत, पण संस्कृतात त्याचा अर्थ कपट, निमित्त. वाढीस तेथे वृद्धी किंवा कुसीद म्हणतात. निर्व्याज प्रेम म्हणतात ते बिनव्याजी कर्ज नव्हे, असे आम्ही सांगितले तेव्हा सूनबाई या सर्व महिन्यांत प्रथमच खळखळून हसली.

खरा डोंगर होता डेबिट-क्रेडिटचा. आमचे वडील लालबागेत एका भुसारी पेढीवर कीर्द लिहीत. लहानपणी त्यांच्याबरोबर बसून आम्ही रोजमेळ पाहिला आहे. डाव्या बाजूस आलेले पैसे, वर लिहिलेले ‘जमा’. उजवीकडे दिलेले, त्यावर ‘नावे’. सूनबाईच्या इंग्रजी पुस्तकात रोखवहीच्या डाव्या बाजूसच आलेले पैसे होते, पण वर लिहिले होते ‘डेबिट’! जमा म्हणजे क्रेडिट असे ती शिकलेली. मग एकच रक्कम एका वहीत जमा आणि दुसरीत डेबिट कशी? आम्ही तीन रात्री या कोड्यात घालविल्या, आणि खरे सांगतो, आम्हांसही उमगेना. चौथ्या रात्री वडिलांचे शब्द आठवले. ते म्हणत, ज्याच्याकडून आले त्याची जमा, ज्याला दिले त्याच्या नावे. म्हणजे त्यांच्या रोजमेळातील ‘जमा’ हा शब्द पैसे देणाऱ्या माणसाच्या खात्यासंबंधी बोलतो. इंग्रजी वही त्याच वेळी रोकडीच्या खात्यासंबंधी बोलते. रोकडीने पैसे घेतले, म्हणून ती घेणारी, म्हणून डेबिट. घटना एकच, एक वही तिच्याकडे देणाऱ्याच्या टोकाने पाहते, दुसरी घेणाऱ्याच्या. घेणाऱ्यास डेबिट करा, देणाऱ्यास क्रेडिट करा, हा तिच्या पुस्तकातील नियम आणि लालबागच्या भुसारी पेढीवरील नियम अक्षरशः एक निघाला. त्यात ‘क्रेडिट’ हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो व आमचा श्रद्धा हा शब्द एकाच मुळाचे आहेत! ही गोष्ट परीक्षेत विचारणार नव्हते, तरीही आम्ही ती सांगितली. तिने वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतली.

त्या रात्री दिवा मालवल्यावर आम्ही अंथरुणावर पडून मुंजीचा हिशेब मांडला. देणारी ती, तिची जमा. घेणारे आम्ही.

हे शिक्षण या शहरास नवे नव्हे. १९०० साली दावरांचे वाणिज्य महाविद्यालय निघाले. १९१३ साली सिडनॅम महाविद्यालय. तेथे १९१८ ते १९२० या काळात अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक आंबेडकर परळच्या चाळीत राहत, आणि पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनात प्रसिद्ध झाला. चाळीतील खोली आणि अपुरा दिवा या सबबी आमच्या तोंडी शोभत नाहीत, इतकेच म्हणावयाचे.

परीक्षेचा रविवार उजाडला. आमच्या सौभाग्यवतींनी पाच महिने ‘रात्री दिव्याने डोळे दुखतात’ अशी कुरकुर चालविली होती. त्या दिवशी मात्र त्या पहाटेच उठल्या. थोरल्या सूनबाईने पोळीभाजीचा डबा भरला, सौभाग्यवतींनी दह्याची वाटी पुढे केली आणि आल्यागेल्यास आधीच कळवून ठेवले होते की आज आमच्याकडे कोणी येऊ नये. त्या आठवड्यात आमच्या मेहुण्यांकडे वास्तुशांत होती, तिकडेही त्या एकट्याच गेल्या. आम्ही परळपर्यंत सूनबाईबरोबर गेलो व संगणककेंद्राच्या बाहेर कठड्यावर बसलो. दोन तासांनी ती आली. “कसा गेला?” असे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. तीच म्हणाली, “नाना, नजरगहाणाचा प्रश्न होता. आणि मॉर्टगेजीचाही.” पुढे म्हणाली, “एका ताळेबंदाची बेरीज मात्र जुळली नाही. वेळ संपली.” बसमध्ये दोघेही गप्प होतो.

हे पान छापावयास जाईपर्यंत निकाल लागलेला नाही. काल रात्री साडेनऊला दिवा मालवावा म्हणून आम्ही उठलो, तो सौभाग्यवती आपले पासबुक घेऊन सूनबाईसमोर बसलेल्या. पंधरा वर्षे त्यांचे खाते आहे आणि पंधरा वर्षे त्या फक्त शेवटचा आकडा पाहत आल्या. “हे ‘सी. आर.’ काय गं?” असे त्यांनी विचारले. “क्रेडिट, आई. तुमचे पैसे बँक देणे लागते, म्हणून तिच्या वहीत तुमची जमा.” त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे एवढी मोठी बँक, आणि माझी कर्जदार?” सूनबाई म्हणाली, “हो.” त्यांनी पासबुकाचे पुढचे पान उलटले, आणि आम्ही दिव्याचे बटण तसेच सोडून गॅलरीत जाऊन बसलो.