नोंद करणारा हात

संगणक आला म्हणजे कारभार आपोआप शुद्ध झाला, अशी एक भाबडी समजूत स्थानिक संस्थांत रुजू पाहत आहे. नोकरांची हजेरी, रजा, पगार आणि बदली या साऱ्याच गोष्टी यंत्राच्या स्वाधीन होत आहेत. कर्नाटकात सरकारी नोकरांचे वेतन ‘एच.आर.एम.एस.’मधून निघते, महाराष्ट्रात तेच काम ‘सेवार्थ’ आणि शाळांपुरते ‘शालार्थ’ करते. ही सुधारणा आम्हांस अमान्य नाही. २०१८ साली महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या संगणकाद्वारे झाल्या, तेव्हा पुढाऱ्यांच्या शिफारसचिठ्ठीची मातब्बरी बरीच उतरली. हे थोडे झाले नाही.

परंतु त्याच बदल्यांत काहींनी खोटी माहिती भरून सोयीच्या शाळा पदरात पाडून घेतल्याच्या तक्रारी झाल्या. त्याहून मोठा धडा नागपूर विभागाने दिला. अपात्र व्यक्तींच्या नावे बोगस शालार्थ क्रमांक काढून सरकारी तिजोरीतून पगार उचलल्याचे प्रकरण २०२५ साली बाहेर आले. शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली, विशेष तपास पथक नेमावे लागले. यंत्राने दिलेली आज्ञा पाळली, इतकेच. दोष नोंद करणाऱ्या हाताचा, आणि त्या हातावर नजर न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा!

मग उपाय कोणता? तो जुन्या दप्तरातच आहे. सेवापुस्तकातील नोंदी नोकराने दरवर्षी पाहून त्यांखाली सही करावी, हा दंडक त्या काळच्या शहाणपणाचा होता. तोच नव्या व्यवस्थेत आणावा. प्रत्येक नोंद कोणी केली, केव्हा केली आणि कोणाच्या हुकुमाने केली, हे नोकरास त्याला वाचता येणाऱ्या भाषेत दिसले पाहिजे. झाडूवाल्या कामगारास आपली हजेरी का कापली गेली हे कळत नसेल, तर अशी प्रगती त्याच्या काय कामाची?

नागरिकांच्या हातीही एक शस्त्र आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमान्वये प्रत्येक कार्यालयाने आपले अधिकारी, कर्मचारी व त्यांचे मासिक वेतन स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाचे आहे. ती यादी मंजूर पदांशी ताडून पाहा. जे नाव यादीत आहे पण कामावर कोणी पाहिले नाही, त्याचा जाब नगरसेवकांनी सभागृहात विचारावा. यंत्र हिशेब ठेवील. जागे राहण्याचे काम आपलेच आहे.