एकच तिकीट काढा, एकटेच जा



आज जीएसटी नाही, स्टॉकचा हिशोब नाही. आज मी तुम्हाला एक खर्च करायला सांगणार आहे. स्टँड-अप कॉमेडीच्या शोचं एकच तिकीट काढा आणि एकटेच जाऊन या. बायको, मित्र, मेहुणा, कोणी सोबत नको.

"एकटं जाऊन हसायचं? लोक येडं म्हणतील!" आपल्या नगरमध्ये हे उत्तर ठरलेलं. माणूस एकटा लग्नाला जातो, दहाव्याला जातो, माल आणायला एकटा पुण्याला जातो. पण करमणुकीला एकटा निघाला की घरचे विचारतात, काय बिनसलंय का?

माझं मत उलटं आहे. दुकानदाराला याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. आपण दिवसभर हसतो, पण कुणासाठी? गिऱ्हाईकाने तोच जोक चौथ्यांदा सांगितला तरी हसतो. होलसेलवाला उधारीची मुदत वाढवून देणार असेल, तर त्याच्या फालतू विनोदावर टाळीसुद्धा देतो. हे हसू धंद्याचा भाग आहे, त्यात वाईट काही नाही. पण वर्षानुवर्षं असं हसल्यावर आपल्याला स्वतःला कशाचं हसू येतं, हेच कळेनासं होतं.

सोबत कोणी असलं की शोमध्येही तेच. बायकोवरचा जोक आला की आधी बायकोकडे बघायचं, मग हसायचं. भाऊ शेजारी असेल आणि वाटणीचा विषय निघाला, तर गप्प. एकटे असलात की शेजारी अनोळखी माणूस. आलं तर हसा, नाही आलं तर बसून राहा. तिथे तुम्हाला कुणाला काही विकायचं नाही.

मराठीत एका माणसाने रंगमंच सांभाळणं नवीन नाही. पुलंनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच ५२ पात्रं करायचे. २०१६ मध्ये भाडिपा सुरू झालं आणि मराठी स्टँड-अप नव्या पोरांपर्यंत पोचलं. यात मेकअप नाही, पात्र नाही. स्वतःच्या नावाने उभं राहायचं आणि जोक पडला की तिथल्या तिथे कळतं. म्हणून मोठ्या शोआधी हे लोक छोट्या ओपन माइकमध्ये जोक तपासून घेतात, आपण नवीन आयटमचे आधी अर्धा डझनच पीस ठेवतो तसं. तिथे ओळखीचे लोक प्रेमापोटी हसले तर तपासणी फसते. त्याला अनोळखी माणसाचं खरं हसू हवं असतं. म्हणजे एकटा आलेला तुम्ही त्याच्या फार कामाचे आहात.

"वेळ कुठंय?" महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी आहे. मालकाला सुट्टी देणारा कायदा नाही, ती आपणच घ्यायची. पुणे १२० किलोमीटरवर आहे. माल आणायच्या दिवशीच संध्याकाळचा शो जोडा. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून चालू आहे. तो साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत असतो. तिथे स्टँड-अपही असतं आणि कार्यक्रम बहुतेक फुकट असतात. पहिल्यांदा जात असाल तर पहिली रांग टाळा, नाहीतर तुमचाच जोक होईल!

आता ताईंसाठी. तुमची अडचण वेगळी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. शो रात्री सुटतो, परतीची एसटी, घरचे प्रश्न. रविवारचा दुपारचा शो बघा, किंवा पुण्यात बहिणीकडे मुक्काम करा. आणि दादांनो, ती "मी एकटी जातेय" म्हणाली, तर "का?" विचारू नका. "काउंटर मी बघतो" म्हणा.

मी ट्रेनर आहे, त्यामुळे "शोमधून शिकण्यासारख्या ५ गोष्टी" अशी यादी तुम्हाला अपेक्षित असेल. ती देणार नाही. वही घरी ठेवा. परत आल्यावर कोणी विचारलं, "काय शिकून आलास?" तर सांगा, "काही नाही, हसून आलो."

भेटूया पुढच्या व्हिडिओत!