शाल, श्रीफळ आणि पाळणाघर

एक प्रश्न वर्षभर कानाला खुपतो आहे. मार्चमध्ये महिला दिनाच्या सत्काराला तो ऐकला, पावसाळ्यात एका वाहिनीवर ऐकला, आणि या दिवाळी अंकासाठी आलेल्या मुलाखतींत पुन्हा वाचला. लहान मुलांवर शस्त्रक्रिया करणारी बाई समोर बसलेली असते. अडीच किलोच्या बाळाची अन्ननलिका जोडून ती आलेली असते. आणि मुलाखतकार आवाजात साखर घोळवून विचारतो, ‘घर, मुलं आणि ऑपरेशन थिएटर, ही तारेवरची कसरत कशी हो जमते तुम्हाला?’ शेजारच्या खुर्चीवरच्या सर्जन गृहस्थांनाही मुलं असतात. त्यांना मात्र रोबोटिक शस्त्रक्रियेचं भवितव्य विचारलं जातं.

बाकी वर्षात काय झालं? कागद महागला. जाहिरातदारांनी ‘गणपतीनंतर कळवतो’ म्हणून सांगितलं. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कविता टपालात येऊ लागल्या आणि साभार परत कुणाला करायच्या हा नवा पेच पडला. या सगळ्यावर आत लेख आहेत. यंदाच्या अंकाचा विषय ‘हात’. विणकर, पखवाजवादक, भाकऱ्या थापणाऱ्या बाया यांच्यात सर्जन कशी बसते, असं आमच्या सहसंपादकांनी विचारलंच. थोडी ओढूनताणून बसवली आहे, हे खरं. पण तिच्या हातांचं काम आधी पाहा.

अडीच किलोच्या नवजात बाळाच्या अंगात एकूण रक्त असतं सुमारे दोनशे मिलीलिटर, म्हणजे दोन कप चहाएवढं. त्यातलं चमचा-दोन चमचे गेलं तरी हिशेबात धरावं लागतं. साधारण तीन-चार हजार जन्मांमागे एका बाळाची अन्ननलिका मध्येच तुटलेली असते आणि बहुतेक वेळा तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला चिकटलेला असतो. १९४१ साली अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी अशी नळी पहिल्यांदा थेट जोडली आणि ते बाळ जगलं. आज चांगल्या केंद्रांत अशी बहुतेक बाळं जगतात.

पण आपल्याकडे ते बाळ येतं कसं? तालुक्याच्या गावी जन्मतं. तोंडाला फेस येतो, पोटात नळी जात नाही, मग अँब्युलन्समधून शहरात येतं. बरोबर बाप, मामा, फार तर आजी. आई मागे राहते, सिझरचे टाके घेऊन. फॉर्मवर बापाची सही होते आणि सगळं बोलणंही त्याच्याशीच होतं. एका बालशल्यचिकित्सक बाईंनी आम्हाला सांगितलं, ‘मला मुलगा होण्याआधी ही आई माझ्या लक्षातच यायची नाही. आता सही घेण्याआधी म्हणते, तिला फोन लावा, मी बोलते.’ आईपणामुळे त्यांच्या टाक्यांत फरक पडला का? नाही, असं त्या ठामपणे म्हणाल्या. फरक पडला तो टेबलापर्यंत पोचण्याच्या वाटेत. ‘माझ्या मुलाच्या वयाचं पोर आलं की भूल चढेपर्यंत मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. हिरवी कापडं अंथरली की चार बोटांची जागा उघडी राहते. मग मी बरी असते.’

आणि एखादं मूल गेलं तर? ती बातमी बाहेर येऊन आईबापांना त्या स्वतःच सांगतात, ज्युनिअरला पाठवत नाहीत. ‘त्या दिवशी घरी जरा जास्तच लाड होतात. मुलगा आता मोठा झालाय, त्याला कळतं. विचारतो, आई, आज कोण गेलं?’

तारेवरच्या कसरतीच्या प्रश्नाला हे उत्तर कधी मिळत नाही, कारण त्या प्रश्नाला उत्तर नकोच असतं. त्याला ‘सासूबाईंची मोठी साथ आहे’ एवढं ऐकायचं असतं.

आपल्याला ही गोष्ट अशीच सांगायची जुनी खोड आहे. आनंदीबाई जोशींचं दहा दिवसांचं मूल गेलं, हे प्रत्येक भाषणात येतं. १८८६ साली वैद्यकीय पदवी घेताना त्यांनी प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता, ते येत नाही. बाईचं दुःख आपल्या लक्षात राहतं. तिचं काम विसरतो.

मायेवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक हकीकत. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतही कित्येक नवजात बाळांवर जवळजवळ वेदनाशामकाशिवाय शस्त्रक्रिया व्हायच्या. स्नायू सैल करणारं औषध दिलं की बाळ हलायचं नाही, आणि हलत नाही म्हणजे दुखत नाही, असं मानलं जायचं. भूल त्याला झेपणार नाही ही भीतीही होती. १९८५ साली अमेरिकेत जिल लॉसन या बाईंच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलावर अशीच शस्त्रक्रिया झाली. तो वाचला नाही. त्याला भूल दिलीच नव्हती, हे बाईंना नंतर समजलं, आणि त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहून तो विषय चव्हाट्यावर आणला. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की नीट वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि गुंतागुंतही कमी होते. मग जगभर पद्धत बदलू लागली. ओरडली ती आई. मोजणारे आनंद हे पुरुष. दोन्ही लागलं.

आपल्याकडचंही एक उदाहरण. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्यांच्या आईला दूध येत नव्हतं किंवा आई जवळ नव्हती, अशा बाळांना दुसऱ्या आईचं, निर्जंतुक केलेलं दूध मिळू लागलं. तिथे वात्सल्यावर व्याख्यान झालं नाही, फ्रीज आला.

सर्जन बाईंच्या वाट्याला मात्र व्याख्यानच येतं. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षं, एम.एस.ची तीन, मग एम.सीएच.ची तीन. म्हणजे बाई तिशीला टेकते, आणि मूल होण्याचीही वर्षं हीच. मधे रजा घेतली की शिक्षण तेवढंच लांबतं. २०२१ साली ‘जामा सर्जरी’त अमेरिकेतल्या ६९२ स्त्री शल्यचिकित्सकांची पाहणी आली होती. त्यांच्यातल्या ४२ टक्के जणींनी गर्भ गमावला होता. शेवटच्या तिमाहीत आठवड्याला बारा तास किंवा जास्त ऑपरेशन टेबलाशी उभ्या राहणाऱ्यांत मोठी गुंतागुंत अधिक आढळली. हा जिद्दीचा विषय नाही, ड्यूटीच्या तक्त्याचा आहे.

तक्ता बदलायला पैसे लागतात. ‘माउली’ म्हणायला लागत नाहीत. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा दिली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभाही दिली. मोठं रुग्णालय या व्याख्येत सहज बसतं. तिथे लिफ्टशेजारी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी असते. पाळणाघराची पाटी शोधून पाहा.

दिवाळी अंक आहे, म्हणून दिवाळीचंही एक. सेलवरच्या पणत्या आता घरोघरी आल्या आहेत. त्यातला नाण्यासारखा लिथियम सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. लाळ गळते, मूल खायला नको म्हणतं. केळं भरवून तो खाली ढकलू नका, उलटी काढू नका, थेट रुग्णालय गाठा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यासाठी कुणीतरी ड्यूटीवर असतं. तिच्याही घरी पूजा असते.

यंदा तुमच्या मंडळात किंवा क्लबात एखाद्या डॉक्टरीणबाईंचा सत्कार ठरला असेल, तर त्यांच्या रुग्णालयाच्या विश्वस्तांनाही बोलवा. माइक त्यांच्यापुढे धरा आणि विचारा, पाळणाघर कोणत्या मजल्यावर आहे? मिळेल ते उत्तर आम्हाला कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.