किलोमीटर नव्हे, वर्षं मोजा
वसई-विरारमधल्या अनेक नोकरदारांची गाडी आठवडाभर इमारतीखाली उभी असते. कामावर जायचं ते लोकलनं. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात आणि जुनी गाडी घेणारा खूश होतो. पण रबरी टायमिंग बेल्ट उभ्या गाडीतही म्हातारा होतो. पिस्टन ज्याला फिरवतात त्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची एक, हा मेळ तोच बेल्ट राखतो. इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो-मिटतो. ‘इंटरफिअरन्स’ रचनेत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. या काटकसरीतून जास्त कॉम्प्रेशन मिळतं, त्यातून ताकद आणि मायलेज. २०१२ साली भारतात आलेल्या डस्टरचं दीड लिटरचं डिझेल इंजिन याच जातीचं. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र धावत राहतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. त्यात अहमदाबाद हायवेवर, मागून कंटेनर येत असताना इंजिन बंद पडलं तर प्रश्न जिवाचा होतो. म्हणून मॅन्युअलमधली किलोमीटरची आणि वर्षांची, यांतली जी मर्यादा आधी येईल ती पाळा. बेल्टबरोबर तो ताणून धरणारा टेन्शनरही बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचं बिल मागा. ते नसेल, तर हा खर्च किमतीतून वजा करून घ्या आणि बेल्ट बदलल्याशिवाय गाडी हायवेवर काढू नका.