विजेच्या ट्रकचा सारथी

बोरघाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी ट्रक ‘न्यूट्रल’ करून सोडण्याची खोड अनेक चालकांच्या हाडीमाशी भिनलेली आहे. या खोडीने किती संसार उघड्यावर आणले, ते घाटातील वळणांनाच ठाऊक! विजेच्या ट्रकने या खोडीमागचे गणितच उलटे केले आहे. उतारावर गाडी चालू स्थितीत ठेवून पाय उचलला की, तिची मोटर जनित्राचे काम करते, वेग आवरते आणि वीज बॅटरीत परत भरते. ‘न्यूट्रल’मध्ये हे दोन्ही लाभ जातात. म्हणजे जे सुरक्षित, तेच किफायतशीर. पण ही साधी गोष्ट चालकाला सांगणार कोण?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत विजेच्या मोठ्या ट्रकना प्रथमच साहाय्य देऊ केले. एका ट्रकमागे कमाल ९ लाख ६० हजार रुपये आणि एकंदर सुमारे ५,६०० ट्रक, असे ते स्वरूप. बदल्यात जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र हवे आणि बॅटरीला ५ वर्षे किंवा ५ लाख किलोमीटरची हमी हवी. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणणाऱ्या देशासाठी हे पाऊल आवश्यकच होते. तथापि, यंत्राची हमी घेणाऱ्या धोरणाने यंत्र हाकणाऱ्याची हमी कितपत घेतली आहे?

कारण डिझेलची सवय विजेला चालत नाही. डिझेल संपले तर कॅन घेऊन क्लीनर धावतो. वीज संपली तर क्रेनच बोलवावी लागते. कंपनीच्या पत्रकातील पल्ला आणि भरल्या ट्रकचा चढावरील पल्ला यांत मोठी तफावत असते, म्हणून राखीव वीज हाताशी ठेवणे हा पहिला नियम. घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरू नये, हा दुसरा. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज सामावत नाही आणि भार साध्या ब्रेकवर येतो. पाणी शिरलेली गाडी तपासणीविना चार्जिंगला लावू नये, हा तिसरा. हे सारे शिकण्यास पदवी लागत नाही. आठवडाभराचे नीट प्रशिक्षण लागते. गाडीच्या ताब्याबरोबर ते देणे विक्रेत्यावर बंधनकारक का असू नये?

मालकाचे गणितही भावनेवर चालणार नाही. अवजड विजेच्या ट्रकची किंमत डिझेल ट्रकच्या दुपटीहून अधिक पडते. ती वसूल होते ती रोज, ठरल्या मार्गावर गाडी धावली तरच. न्हावा-शेवा बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे ट्रक दाखल झाले, ते याच कारणाने. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे आणि भाडे मिळेल तिकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही, त्याने कर्ज काढण्यापूर्वी मार्गाच्या दोन्ही टोकांना चार्जर आहे का, नव्या बॅटरीचा खर्च किती आणि विमा बॅटरीला लागू आहे का, हे लेखी पाहावे. शासनानेही त्याच्याकडे पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्राने अटल सेतू व समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारी आणि बसगाड्यांना पथकर माफ केला, तेव्हा मालवाहू गाड्या वगळल्या. पोट भरण्यासाठी धावणाऱ्या गाडीला सवलत नाही, हा न्याय अजब म्हणावा लागेल.

राहिला प्रश्न चालकाच्या वाट्याचा. चार्जिंगला तास-दीड तास जातो. तेथे सावली, पाणी, शौचालय आणि पाठ टेकायला जागा असेल तर तो तास विश्रांतीचा ठरेल. नसेल तर ती आणखी एक फरफट. डिझेलच्या ‘अ‍ॅव्हरेज’वर काही मालक बक्षिसी देत आले. वाचलेल्या युनिटवर तशी बक्षिसी द्यावी. डिझेलमधली चिरीमिरी विजेबरोबर संपेल, ते योग्यच. पण तिच्या जागी हक्काचा, सन्मानाचा मोबदला आला पाहिजे.

रथ कितीही उत्तम असला तरी लगाम सारथ्याच्याच हाती असतो. विजेच्या ट्रकमधील बचत अखेर त्याच्या पायाखालच्या पेडलवर ठरणार आहे. त्याला वगळून आखलेली योजना घाटातच अडकेल.