आत्याचाही आजार सांगा

इंदूरच्या मल्हारगंजातल्या मराठी घरात स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की डॉक्टर विचारतात, घरात आणखी कुणाला होता? उत्तर येतं आई, मावशी, आजी. आत्या कुणाला आठवत नाही. ती तर सासरची झाली! हा आजार घडवू शकणारा बीआरसीए जनुकातला दोष मात्र वडिलांकडूनही मुलीत उतरतो, निम्म्या शक्यतेने.

स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी पाच ते दहा आनुवंशिक असतात. बीआरसीए-१ चा शोध १९९४ चा, बीआरसीए-२ चा त्यानंतरच्या वर्षीचा. दोघांची नावं जवळची, पण गाठी वेगळ्या. बीआरसीए-१ मधला आजार बहुधा तरुण वयात येतो आणि बऱ्याचदा ‘ट्रिपल निगेटिव्ह’ असतो: इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ यांपैकी एकाचाही ग्राही (रिसेप्टर) गाठीवर नाही, म्हणून हार्मोनच्या गोळ्या तिथे निरुपयोगी. बीआरसीए-२ च्या गाठी बहुतेक हार्मोनला दाद देतात. दोन्हींत अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. दोष कळला तर ओलापॅरिबसारखं औषध योग्य रुग्णाला देता येतं, आणि निरोगी बहिणीची एमआरआय तपासणी वेळेत सुरू होते.

या दोषाची चाचणी रक्ताच्या एका नमुन्यावर होते. अडचण आहे ती खर्चाची, आणि अहवाल समजावणाऱ्या समुपदेशकाची. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात ही सोय आहे. त्यासाठी इंदूरच्या बाईने मुंबई का गाठावी? इंदूरच्याच एम.वाय. रुग्णालयात आनुवंशिक समुपदेशन पक्कं मिळावं आणि चाचणीचा खर्च सरकारने उचलावा, ही आमची मागणी आहे.